गोवा-मुंबई विमानाचं अंतर नेमकं किती? फोंडा ते परळ एकूण वेळ किती धरायचा?

मी_फोंडेकर
नमस्कार मंडळी. बाबांवर परळच्या टाटा रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. तब्येत सुधारतेय, पण पुढचे काही महिने ठरावीक अंतराने तपासणीसाठी मुंबईला न्यावं लागणार. वय पंचाहत्तरच्या पुढे. सलग दीड-दोन तास बसलं की त्यांची कंबर धरते. म्हणून प्रवासाचा हिशेब मांडायला घेतला, तर पहिल्याच पायरीवर अडलोय.

गोवा-मुंबई हवाई अंतर शोधलं तर एका ठिकाणी २२९ दिसतं, दुसऱ्या ठिकाणी ४२४, तिसऱ्या ठिकाणी ३८७. रस्त्याने ५९० च्या आसपास. कोकण रेल्वेच्या जुन्या तिकिटावर तर ७६५ किलोमीटर छापलंय. शहरं दोनच, आकडे पाच. वेळेचंही तेच: कुठे ४५ मिनिटं, कुठे १ तास २० मिनिटं.

यातलं खरं कुठलं? आणि फोंड्याच्या घरातून निघून परळला पोचेपर्यंत एकूण किती तास धरू? घरच्या आजारी माणसाला ज्यांनी असं नेलं-आणलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

धावपट्टी
फोंडेकर, बाबांना लवकर बरं वाटू दे. विमानतळावर ऑपरेशन्समध्ये नोकरी केलीय, त्यामुळे हवाई आकड्यांचं सांगतो. तिन्ही बरोबर आहेत, प्रत्येकाने वेगळं काहीतरी मोजलंय एवढंच.

२२९ हे सागरी मैल. विमानवाले आणि जहाजवाले अंतर त्यातच मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, गुणाकार केलात की ४२४ किलोमीटर येतात. म्हणजे तुमचे पहिले दोन आकडे एकच आहेत, दाबोळी (गोव्याचा जुना विमानतळ) ते मुंबई विमानतळ, सरळ रेषेत.

३८७ हे मोपा, म्हणजे गोव्याचा नवा विमानतळ, ते मुंबई. मोपा उत्तरेला आहे, त्यामुळे मुंबई तिथून तेवढी जवळ. दाबोळी आणि मोपा यांच्यात सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर, रस्त्याने मात्र साठच्या वर भरतात.

आता हे लक्षात घ्या. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास जातं. ३७-३८ किलोमीटरचा फरक त्याला जेमतेम तीन मिनिटांचा. म्हणजे मोपा मुंबईला जवळ आहे म्हणून मोपाहून जावं, या म्हणण्यात तुमच्यासाठी काही नाही. तुमचा निर्णय घर ते विमानतळ या रस्त्यावर होणार.

करमळी_लोकल
७६५ चं उत्तर माझ्याकडे. कोकण रेल्वे बांधायला प्रचंड खर्च आला, डोंगर फोडून बोगदे काढले, खाड्यांवर पूल उभारले. तो वसूल व्हावा म्हणून या मार्गावर प्रवासी भाडं आकारताना प्रत्यक्ष अंतर ४० टक्के वाढवून धरतात. तिकिटावर छापलेलं अंतर हे भाड्याचं अंतर. गाडी प्रत्यक्षात मुंबई सीएसएमटी ते मडगाव ५८० ते ५९० किलोमीटरच धावते. वंदे भारत सुरू झाली तेव्हा ५८६ किलोमीटर, पावणेआठ तास, असं जाहीर झालं होतं.

म्हणजे रस्ता आणि रूळ जवळजवळ सारखेच. आणि आकाशातून जाताना दीडशेच्या वर किलोमीटर वाचतात, कारण विमानाला ना घाट ना खाडी.

पेडणेकार
मोपा आमच्या दारात. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालं, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली, आणि आमच्या तालुक्यातल्या लोकांचं मुंबईला जाणंच बदललं. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गची माणसंही इथूनच उडतात. पण फोंड्याहून यायचं तर पणजी-पर्वरीमार्गे येऊ नका. पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामामुळे किती वेळ अडकाल याचा नेम नाही. माशेल, खांडोळा-आमोण्याचा पूल, डिचोली, अस्नोडा, कोलवाळ, धारगळ असे या. रस्ता काही ठिकाणी अरुंद आहे, पण गाडी चालत राहते. दीड तास धरा, पहाटे थोडा कमी.

काणकोणची_सुलभा
आमच्याकडून मोपा म्हणजे शंभरेक किलोमीटर. म्हणजे निम्मा गोवा ओलांडायचा, मग विमानात बसायचं. माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही हट्टाने दाबोळीचंच विमान शोधायचो, दोन-तीनशे रुपये जास्त पडले तरी. दादा, फोंड्याहूनही दाबोळीच जवळ. बोरीचा पूल, लोटली, वेर्णा, चाळीस किलोमीटरच्या आत काम होतं. फक्त बोरीच्या पुलावर सकाळ-संध्याकाळ कोंडी होते, तो वेळ वेगळा धरा.

आणि तिकीट काढताना "गोवा" एवढंच बघून पैसे भरू नका. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. दोन्ही एकाच यादीत येतात. परतीचं तिकीट नीट बघा, कारण जाताना एका विमानतळावरून आणि येताना दुसऱ्यावर असं सहज होतं, आणि तुमची गाडी मात्र पहिल्या विमानतळावर उभी असते.

मी_फोंडेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. आकड्यांचा गुंता सुटला.

धावपट्टीकाका, अजून एक. ४२४ किलोमीटर आणि ताशी ८००, म्हणजे अर्ध्या तासाचंच काम. मग तिकिटावर १ तास २० मिनिटं का? आणि बाबांना त्या खुर्चीत नेमकं किती वेळ बसावं लागेल?

धावपट्टी
चांगला प्रश्न, आणि तुमच्या बाबांच्या दृष्टीने हाच महत्त्वाचा.

वेळापत्रकातली वेळ चाकं जमिनीवरून उचलली तिथपासून धरत नाहीत. विमान उभ्या जागेवरून हललं की घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या विमानतळावर उभ्या जागी थांबलं की बंद. याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात विमान मागे ढकलणं, टॅक्सीवेवरून धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर पुन्हा जागेपर्यंत चालत जाणं, सगळं येतं. हवेतला भाग साधारण ४५ ते ५० मिनिटं. तुम्हाला सापडलेली ४५ मिनिटं तीच.

आता हवेतसुद्धा अर्धा तास का नाही? कारण ताशी ८०० चा वेग फक्त वरच्या उंचीवर मिळतो. एवढ्या छोट्या पल्ल्यात पंधरा-वीस मिनिटं चढण्यात जातात, वीसेक उतरण्यात, मध्ये सपाट उड्डाण थोडंच. चहा वाटून होतो न होतो तोच पट्टे बांधायची सूचना येते. शिवाय विमान पट्टीने आखलेल्या रेषेवरून जात नाही. निघताना आणि उतरताना ठरवून दिलेल्या वाटांनी वळणं घेत जावं लागतं.

वाऱ्याबद्दलही लोक विचारतात. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेचा जोरदार वारा वाहतो, त्यामुळे मुंबईहून कोलकात्याला जाताना कमी आणि परतताना जास्त वेळ लागतो. गोवा-मुंबई मार्ग जवळजवळ दक्षिणोत्तर. वारा बाजूने लागतो, म्हणून जाण्या-येण्याच्या वेळेत फारसा फरक पडत नाही.

खरा फरक मुंबई पाडते. तिथे धावपट्ट्या दोन आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तासाला पंचेचाळीसच्या आसपास उड्डाणं-उतरणं एवढीच तिची ताकद. गर्दी झाली की येणारी विमानं आकाशात लंबगोल फेऱ्या मारत थांबवतात. एक फेरी साधारण चार मिनिटांची. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्रीय मंत्रालयानेच सांगितलं होतं की गर्दीच्या वेळी मुंबईवर विमानांना ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागतात. त्यानंतर तासाची संख्या थोडी कमी केली. कंपन्या हा संभाव्य उशीर गृहीत धरूनच वेळापत्रक आखतात. म्हणून एखाद्या दिवशी तुम्ही पंधरा मिनिटं लवकर पोचता, आणि एखाद्या दिवशी १ तास २० मिनिटंही पुरत नाहीत.

बाबांसाठी खुर्चीतला वेळ दीड ते पावणेदोन तास धरा. व्हीलचेअरवाल्या प्रवाशांना सगळ्यांच्या आधी चढवतात आणि सर्वांत शेवटी उतरवतात, तो वेळ यात धरलाय.

म्हापश्याची_नलू
मी आईला याच रुग्णालयात वर्षभर नेत होते, म्हणून लिहिते. ही कागदावर न दिसणारी कामं आहेत.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, निदान ४८ तास आधी. ऐन वेळी मागितली तर मिळते, पण थांबावं लागतं, आणि आजारी माणसाला तेच सोसत नाही. शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर डॉक्टरांकडून विमान प्रवासाला हरकत नसल्याचा दाखला घेऊन ठेवा. विमान कितीही चांगलं असलं तरी आतली हवा सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असते तशी विरळ असते. डॉक्टरांना हे सांगून विचारा.

फाइल, रिपोर्ट, औषधं हातातल्या पिशवीत. सामानात टाकायचंच नाही. आईला मी कडेची जागा घ्यायचे आणि कमरेमागे घरची छोटी उशी द्यायचे. पट्टे सोडायची खूण झाली की दोन मिनिटं उभी करायचे, हात धरून. तेवढ्यानेही तिला बरं वाटायचं.

वेळेचा हिशेब माझ्या अनुभवाने असा: घर ते दाबोळी एक तास. दोन तास आधी पोचायचं. काउंटर एक तास आधी बंद होतो, आणि व्हीलचेअर असताना धावपळ नको. मग ब्लॉक टाइमचा दीड तास. मुंबईत उतरून, सामान घेऊन टॅक्सीत बसेपर्यंत पाऊण तास. तिथून परळ, गर्दी नसली तर पाऊण तास, असली तर दीड. एकूण सहा ते पावणेसात तास. यातला विमान उडण्याचा वेळ तासाहून कमी. बाकीचा सगळा वेळ टॅक्सी, रांग, खुर्ची, पुन्हा टॅक्सी. म्हणून सकाळची अपॉइंटमेंट असेल तर त्याच दिवशी पहाटे निघू नका. माझं आग्रहाचं सांगणं आहे.

करमळी_लोकल
नलूताईंच्या हिशेबावरून मला पुन्हा लिहावंसं वाटलं. ज्यांना बसवत नाही त्यांच्यासाठी रात्रीच्या रेल्वेचा विचार व्हायलाच हवा.

कोकणकन्या संध्याकाळी मडगावहून सुटते, करमळीला थांबते, आणि पहाटे पाचच्या सुमाराला दादर. पावसाळी वेळापत्रकात मडगावहून तासभर आधी सुटते. फोंड्याहून बाणस्तारीमार्गे करमळी वीस किलोमीटरच्या आत. नऊ-दहा तास लागतात, मान्य, पण ते आडवं पडून. दादर ते टाटा रुग्णालय दोन-अडीच किलोमीटर. विमानाचे सहा तास बसून आणि गाडीचे दहा तास झोपून, यातलं कंबरेला काय मानवेल ते बाबाच सांगतील.

कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येताना भाड्यात सवलत आहे. स्लीपर आणि थर्ड एसीला रुग्णाचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो आणि तिकीट खिडकीवरच काढावं लागतं, घरबसल्या निघत नाही. वंदे भारतला ही सवलत नाही. आणि खालचा बर्थ मागा.

काणकोणची_सुलभा
पण पावसाळ्यात रेल्वेवर पूर्ण भिस्त ठेवू नका. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आलं आणि गाड्या बंद झाल्या. २०२० च्या ऑगस्टमध्ये त्याच बोगद्याची भिंत ढासळली होती. पावसाळी वेळापत्रकात गाड्या मुद्दाम हळू चालवतात, ते योग्यच आहे. तारीख पावसातली असेल तर एक दिवस हातात ठेवून निघा.

पेडणेकार
मोपाबद्दलही हे सांगायला हवं. पठारावर असल्याने पावसात ढग खाली येतात आणि थंडीत पहाटे धुकं धरतं. पहिल्या विमानापेक्षा सकाळी नवानंतरचं बरं.

रायबंदरचे_आजोबा
हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. तुम्ही सहा तासांचा हिशेब करताय, तो काळजीने करताय, आणि तो करायलाच हवा. पण आमच्या पिढीला मुंबई किती लांब होती ते नोंदवून ठेवतो.

दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीजांनी बांधला. १९५५ पासून त्यांची विमान कंपनी इथून उडायची, दमणला, दीवला, कराचीला. मुंबई सव्वाचारशे किलोमीटरवर होती आणि आमच्या घरातल्या निम्म्या माणसांची पोटं तिच्यावर होती, पण तिथे विमान जात नव्हतं. भारताने आर्थिक नाकेबंदी केलेली, सीमा बंद. माझ्या थोरल्या काकांना मुंबईत देवाज्ञा झाली ती बातमी घरी पोचायला किती दिवस लागले ते आई शेवटपर्यंत सांगायची.

१९६१ साली गोवा मुक्त झाला आणि हळूहळू वाटा उघडल्या. आगबोट होती. कोकण सेवकचं नाव जुन्या माणसांना ठाऊक असेल. भाऊच्या धक्क्यावरून आज निघायची, बंदरं घेत रात्र समुद्रात काढून दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला. डेकवर चटई टाकून माणसं झोपायची. रेल्वेने जायचं तर वास्को, कुळे, कॅसलरॉक, लोंढा करत छोट्या रुळांवरून मिरजेपर्यंत, तिथे सामान उतरवून मोठ्या गाडीत. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली ती २६ जानेवारी १९९८ ला. तोपर्यंत आजारी माणसाला मुंबईला न्यायचं म्हणजे रात्रभर घाटांतून एसटी किंवा कदंबा (गोव्याची सरकारी बस), नाहीतर मिरजेचा वळसा. कित्येक घरांनी त्या प्रवासाला भिऊन माणसांना नेलंच नाही.

तेव्हा फोंडेकर, बाबांना न्या, वेळेवर न्या. थकवा येईल तो एका दिवसात उतरतो, तपासणी चुकली तर भरून निघत नाही.

मी_फोंडेकर
आजोबा, तुमचं लिहिणं बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी आगबोटीतून एकदा प्रवास केलाय, लहानपणी आजीबरोबर. बराच वेळ त्याबद्दल बोलत होते.

ठरलं ते असं. जाताना करमळीहून कोकणकन्या, खालचा बर्थ, तपासणीच्या आदल्या संध्याकाळी. दादरला पहाटे उतरून रुग्णालयाजवळ ओळखीच्यांकडे थोडा आराम, मग साडेदहाची वेळ. परत येताना विमान, कारण तपासणीनंतर ते दमलेले असतात आणि घरी लवकर पोचावंसं वाटतं, उतरायचं दाबोळीलाच. सवलतीच्या दाखल्याचा नमुना उद्या आणतो, व्हीलचेअर आजच नोंदवतो. देव बरें करूं सगळ्यांचं.

म्हापश्याची_नलू
छान ठरवलंत. परतीचं विमान दुपारी उशिराचं घ्या. तिथे डॉक्टरांची वेळ साडेदहाची असली तरी रक्ततपासणी, स्कॅन, कागद यात किती वेळ जाईल सांगता येत नाही. जमलं तर दुसऱ्या दिवशीचंच घ्या.

धावपट्टी
त्यात एक भर. परतीचं तिकीट काढताना मुंबईचा विमानतळही तपासा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात, त्यामुळे आता दोन्ही टोकांना दोन-दोन विमानतळ. परळहून जुना विमानतळ सोयीचा. नवी मुंबईचं निघालं तर शिवडीहून समुद्रावरच्या अटल सेतूने जावं लागेल, टोल आणि अंतर दोन्ही धरा.

शिवाय मुंबईची धावपट्टी दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर देखभालीसाठी एखाद्या दिवशी काही तास बंद ठेवतात, बहुधा सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. तारखा आधी जाहीर होतात. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली की आधी ती यादी बघा, मग तिकीट.